चार सूत सोडून

सुजाता,

तू गेल्यावर तुझ्या पुण्यानुमोदनाला मला दोन शब्द बोलायला उभं केलं आणि विहारात हशा पिकला. मी विनोद केला नव्हता. तुझ्या ऑफिसातली काही माणसं मला ओळखत नव्हती, म्हणून ‘एसटीत शर्ट काढून देणारा तो मीच’ एवढी स्वतःची ओळख करून दिली. मागच्या रांगेतल्या बायकांनी पदर तोंडाला लावले. पुढच्या रांगेतल्यांनी तेवढाही त्रास घेतला नाही. माझ्या आधी जे बोलले ते सगळे तुला शांत, सोशिक आणि मितभाषी म्हणून गेले होते. मी दोनदा मान वळवून तुझा फोटो पाहिला. म्हटलं, आपण दुसऱ्याच कोणाच्या कार्यक्रमाला तर येऊन बसलो नाही? त्या हसण्यात माझं पुढचं भाषण वाहून गेलं, ते इथं लिहितो. इथं तू मधे तोंड घालू शकत नाहीस. संसारात पहिल्यांदाच मला हा फायदा मिळालाय, आणि खरं सांगतो, तो मला नको आहे.

सगळ्याची सुरुवात माझ्यामुळे झाली, हे तू कधी मानलं नाहीस. पण झाली माझ्यामुळेच. बाभुळगावची आमची जिनिंग त्या वर्षी बंद पडली. कापूस आलाच नाही तर गाठी कशाच्या बांधणार? अर्धा अळीनं बोंडातच खाल्ला होता, आणि उरलेल्याला भाव नव्हता, म्हणून लोकांनी तो घरातच भरून ठेवला होता. गल्लीत कोणाकडे बसायला गेलं की गुडघाभर कापसातून वाट काढत खाटेपर्यंत पोचावं लागे आणि निघताना पायांना मिशा आलेल्या असत. मी जिनिंगमधला प्रत बघणारा माणूस. चिमूटभर रुई दोन अंगठ्यांत धरून ओढायची आणि धागा लांब की आखूड, पक्का की कच्चा ते सांगायचं, हीच माझी जन्माची विद्या. मालक म्हणाले, बोलावू तेव्हा या. तू पंचायत समितीत टायपिंगला जायचीस, आपली मयुरी शाळेत जायची. घरी बसलेल्या पुरुषानं काय करावं? मी घर आवरायला काढलं. पुरुषानं घर आवरायला काढणं म्हणजे काय ते तुला सांगायला नको, तूच नंतर महिनाभर पोळपाट शोधत होतीस.

माळ्यावर पत्र्याची एक पेटी सापडली. आत बायकांची जुनी मासिकं, कोपरे उंदरांनी चाखलेले. मी रद्दीवाल्याला हाक मारली. गठ्ठा तराजूत चढला आणि नेमकी तू ऑफिसातून आलीस. चपला न काढता तू सरळ पारड्यात हात घातलास. पारडं असं खाली गेलं की रद्दीवाला घाबरून म्हणाला, ताई, तुमचंही वजन धरू का? तू गठ्ठाच उचललास. ओट्यावर बसलीस, एका मासिकाच्या पोटातून घडी घातलेला भलामोठा कागद काढलास आणि मांडीवर उलगडलास. मला वाटलं तालुक्याचा नकाशा आहे. रेघांवर रेघा, नद्या, रस्ते, हद्दी, सगळं एकमेकांच्या अंगावरून गेलेलं. तू सांगितलंस की हे कपड्यांचे नमुने आहेत. एका कागदावर चार-पाच कपडे छापलेले, अखंड रेघ फ्रॉकची, तुटक रेघ कॉलरची, टिंबांची रेघ बाहीची. आपल्याला हवी ती रेघ दुसऱ्या कागदावर गिरवून घ्यायची आणि त्यावरून कापड बेतायचं.

यवतमाळच्या हॉस्टेलात होतीस तेव्हाची ती मासिकं. खोलीतल्या मुली मॅक्सी घालून फिरायला जायच्या, आणि तू त्यांची वाचून झालेली मासिकं मागून घ्यायचीस. तुझ्याकडे मात्र साड्याच, कारण दादा. तुझा हा थोरला भाऊ यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या कारखान्यात कामाला. वडील लवकर गेले तेव्हा त्यानं तुला शिकवलं, त्यापायी स्वतःचं लग्न लांबवलं. तू वयात आलीस तसा त्यानं फ्रॉक बंद करून तुझ्या हातात पांढरी साडी ठेवली आणि सांगितलं, आपल्या माणसानं घराबाहेर असं पडावं की कोणाला बोट दाखवायला जागा राहू नये. तू म्हणायचीस, ते बोलताना त्याच्या आवाजात धाक नव्हता, भीती होती. त्यानं लहानपणी फार बोटं पाहिली होती.

तो नकाशा मांडीवर घेऊन तू म्हणालीस, “मले यातला एक शिवून घालाचा हाय. घरात नाही. घालून दादाकडं जाचं हाय.”

मी हसलो. तू हसली नाहीस. मग मी ते हसू खोकल्यात कसंबसं कोंबलं.

पंचेचाळिशीला टेकलेली बाई, आणि शिवण्याचा अनुभव बटणापुरता. तेही तू शर्टाचं बटण मी अंगात शर्ट घातलेला असतानाच लावायचीस, आणि संध्याकाळी कळायचं की ते आतल्या बनियनसकट लागलंय. माझ्या आईचं हातमशीन होतं, ते आपण पुसून काढलं. तू कापड धरणार, मी हँडल फिरवणार, अशी कामाची वाटणी ठरली. जिनिंगच्या माणसाला चाक दिसलं की वेग द्यावासा वाटतो. “हळू वो, सूतगिरणी नाही हाय हे,” असं तू म्हणेपर्यंत टीप कापड सोडून खालच्या चादरीत शिरलेली असायची. पहिल्या आठवड्यात आपण फ्रॉक सोडून बाकी बरंच काही शिवलं. चादरीला एक कॉलर बसली होती आणि ती काही वाईट दिसत नव्हती.

मग तू चांगलं कापड आणलंस. आकाशी रंगावर बारीक पिवळी फुलं. त्या वर्षी कापसाच्या गावात कापडाचं दुकान मोकळं पडलं होतं. दुकानदार गिऱ्हाईक पाहून इतका हरखला की त्यानं सगळे तागे तुझ्यापुढे उलगडले आणि वर मला चहाही पाजला. तू रेघा गिरवल्यास, कागद कापलेस, कापडावर मांडलेस, पेन्सिलीनं आखलंस. आता कात्री चालवायची तर मासिकात एक वाक्य होतं. ‘शिवणीसाठी चहूबाजूंनी चार सूत सोडून कापावे.’

तू मला विचारलंस, चार सूत म्हणजे किती.

सुजाता, उभ्या आयुष्यात तू मला माझ्या धंद्यातला एकच प्रश्न विचारलास. माझी छाती केवढी झाली असेल. मी म्हणालो, “हे मले इचारतं तू? सूत म्हनजे धागा. चार धागे सोड.”

“चारच? चार धाग्यात टीप राहीन का?”

मी तुला समजावलं. जुन्या काळची शिलाई बारीक होती, धागा लांब असला की चारही पुष्कळ होतात, आजकालच्या शिंप्यांना कापड वाया घालवायची सवय लागलीय. एवढ्यावर थांबलो असतो तर बरं. पण मी उन्हात खाट टाकली, सुई घेतली आणि पेन्सिलीच्या रेघेपासून एक, दोन, तीन, चार असे धागे मोजत तुला जागा दाखवत गेलो. पूर्ण फ्रॉकभर. मागचा भाग, पुढचा भाग, बाह्या, घेर. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी सोडलं नाही. तूही मुकाट्यानं त्या खुणेवर कात्री चालवलीस. तुझ्या चेहऱ्यावर तेव्हा जो आदर होता तो मी पुन्हा कधी पाहिला नाही.

फ्रॉक झाला. घोट्यापर्यंत लांब, गोल कॉलर, फुग्याच्या बाह्या, दोन्ही बाजूंना खिसे. तू आरशासमोर उभी राहून विचारलंस, कसं दिसते? मी कापडाची कड चिमटीत धरली आणि म्हणालो, एक नंबर प्रत. “मी काय गाठ हाय?” तू म्हणालीस. पण जाताना आरशात परत एकदा पाहिलंस, ते मी पाहिलं.

पुढच्याच रविवारी आपण लोहाऱ्याला निघालो. मयुरीला शेजारी ठेवलं होतं. एसटी भरलेली. आपल्या गल्लीतली कुंदा पुढच्या सीटवर बसली होती. तिच्या घरचा कापूस त्या वर्षी सगळा अळीनं खाल्ला होता, आणि ती यवतमाळला लेकीकडे निघाली होती. तिनं तुला वरपासून खालपर्यंत पाहिलं. गाडी सुटली. तू तोल सावरायला हात वर करून दांडा धरलास.

तो आवाज. मी जिनिंगमध्ये पट्टे तुटताना ऐकलेत, पण तो आवाज वेगळा. काखेपासून सुरू झाला तो कमरेपर्यंत न थांबता गेला, कारण वाटेत त्याला थांबवायला फक्त चार धागे होते. तू ते झाकायला दुसरा हात आडवा घेतलास तर दुसरी बाजू गेली. मी शर्ट काढून तुझ्या अंगावर टाकला आणि तिथंच लक्षात आलं की मी घातलेलं बनियन हे बनियन कमी आणि जाळी जास्त आहे. सगळी गाडी मान वळवून पाहत होती. आणि कुंदा म्हणाली,

“काय बाई सुजाताबाई, आमच्या वावरात यंदा एक बोंड नाही फुटलं, अन् तुमी एसटीत फुटल्या.”

गाडी फुटली. ड्रायव्हरनंसुद्धा मान मागे टाकली. मीही हसलो, कारण वाक्यच तसं होतं, एक नंबर प्रत. वर्षभरात गावात कोणी असं पोटभर हसलं नव्हतं. पुढच्या थांब्यावर आपण उतरलो आणि परतीच्या गाडीची वाट पाहत लिंबाखाली उभे राहिलो, तू माझ्या शर्टात आणि मी माझ्या जाळीत. रस्त्यानं जाणाऱ्या एका बैलगाडीवाल्यानं मला विचारलं, जिनिंग चालू झाली का? त्याला वाटलं मी कामावरून आलोय.

तू मात्र घरी येताच माझा शर्ट काढून दिलास. फ्रॉकची घडी घालून ठेवलीस, मशीनवर चादर टाकलीस, त्या चादरीची कॉलर नीट केलीस. बोंडाचं वाक्य गावभर फिरलं. तुझ्या ऑफिसात कोणीतरी म्हणालं म्हणे, फाइल जपून बांधा, फुटायची. मी तुला हसवायला बघायचो, तू हसायचीही, पण ते हसू पाहुण्यांसाठी काढलेल्या कपासारखं, लगेच आत जायचं. एकदा भाजी निवडताना तू आपणहून म्हणालीस, “दादा म्हने तेच बरोबर होतं. मीच बोट दाखवाले जागा करून देल्ली.”

कापड फाटलं त्याचं मला काही वाटलं नव्हतं. पण वीस-पंचवीस वर्षं माळ्यावर सांभाळून ठेवलेली एक गोष्ट तू आता स्वतःच पुन्हा पेटीत घालत होतीस, आणि या वेळी मी रद्दीवाल्याला बोलावलं नव्हतं.

म्हणून मी ठरवलं की फ्रॉक आपण दुरुस्त करायचा. आपण म्हणजे मी. तू ऑफिसला गेलीस की मी मशीन उघडायचो. उरलेल्या कापडातून नवी बाही बेतली, तो कागद पसरला, टिंबांची रेघ शोधली, गिरवली, कापली. आकार घुमटासारखा आला. म्हटलं, फुग्याची बाही म्हणजे फुगा आलाच पाहिजे. कडेला दोन फटी ठेवायच्या खुणा होत्या, त्याही ठेवल्या, म्हटलं हवा खेळायला असतील. एक हात हँडलवर, एक हात कापडावर, दाताखाली सूत. कशी शिवली ते मला विचारू नकोस. तू संध्याकाळी आलीस तेव्हा मी फ्रॉक दोन्ही हातांत धरून दारात उभा होतो, नवरीकडची माणसं रुखवत दाखवतात तसा.

तू ती बाही पाहिलीस. आत बोट घालून पाहिलंस. मग कागद उघडलास आणि माझ्या रेघेवरून बोट फिरवत फिरवत कडेपर्यंत गेलीस. बाहीची रेघ होती टिंब-टिंब. मी गिरवली होती टिंब-रेघ-टिंब. तिच्या टोकाशी बारीक अक्षरात काय लिहिलं होतं ते तू वाचलंस, पण मला सांगितलं नाहीस. स्वयंपाकघरात गेलीस, चहाची किटली घेऊन आलीस आणि माझी बाही तिच्यावर चढवलीस. एका फटीतून नळी बाहेर आली, दुसरीतून दांडा. काय बसली होती ती, माझी रेघ किटलीवर घालायच्या टोपीचीच निघाली. किटलीच्या मापाचा एवढा सुरेख कपडा बाभुळगावात कोणी शिवला नसेल.

तू खाली बसलीस आणि हसायला लागलीस. पाहुण्यांचं हसू नाही, तुझं. तोंडावर हात घ्यायचंही तुला भान नव्हतं. मयुरी अभ्यास टाकून आली आणि आपली माय फ्रॉकमधल्या किटलीसमोर बसून का रडतेय म्हणून घाबरली. मधेच तू मला म्हणालीस, “तुमी प्रत पाहा, बाप्पा. शिवू नका.” मग डोळे पुसून सगळी मासिकं पेटीतून काढलीस आणि भिंतीला टेकून वाचत बसलीस. मी खिचडी टाकली. खिचडी हे एक काम मला येतं, असा माझा समज आहे, तो राहू दे.

खिचडी खाली लागायच्या बेतात असताना तू आतून हाक मारलीस. सगळ्या नमुन्यांतली मापं तू एका ओळीत वाचून दाखवलीस. दोन इंच तीन सूत. एक इंच सहा सूत. पाच इंच सात सूत. “पाहा, सात हायेत, आठ कोठीच नाहीत. आठ झाले की पुढचा इंच लागत असन.” मग मयुरीच्या कंपासातली पट्टी घेऊन तू इंचाच्या घरातल्या रेघा मोजल्यास. चार सूत म्हणजे अर्धा इंच. अर्धा इंच कापड सोडायचं होतं. आणि आपण खाटेवर उन्हात बसून, डोळे फोडून, सुईनं चार धागे मोजले होते.

इथं आपलं जे भांडण सुरू झालं ते अजून मिटलेलं नाही, आणि माझ्या बाजूनं मी ते मिटू देणार नाही. माझं म्हणणं, मापाला सूत हे नाव का पडलं? कोणीतरी पहिल्यांदा सूतच लावून मोजलं असणार. म्हणजे मूळ अर्थ माझाच. तुझं उत्तर तेव्हाही एकच होतं आणि शेवटपर्यंत तेच राहिलं, “मूळ अर्थ तुमचा, फाटला फ्राक माहा.” मागच्या महिन्यात तू अंथरुणाला खिळलीस तेव्हा मी मुद्दाम हा विषय काढला. तू डोळे मिटूनच म्हणालीस, फाटला फ्राक माहा. मला तेवढ्यानं बरं वाटलं. वैद्यकशास्त्रातलं मला काही कळत नाही, पण बायको भांडतेय म्हटल्यावर माणसाला वाटतं की आहे अजून बराच वेळ.

दुसरा फ्रॉक तू सावकाश शिवलास. हँडल मी फिरवलं, पण तुझ्या हुकमानं. अर्धा इंच सगळीकडे, काखेत तर तू त्याहून जास्त सोडलंस. निघायच्या दिवशी एसटीत जागा रिकाम्या होत्या, तरी तू बसली नाहीस. दांडा धरून यवतमाळपर्यंत उभी राहिलीस आणि दर खड्ड्याला माझ्याकडे पाहत होतीस.

दादा अंगणात खुर्ची टाकून बसले होते. तुला पाहिलं, उठले, या म्हणाले, आत गेले. वहिनींनी पाणी दिलं. जेवायला बसलो. दादा बोलेनात. मी बोलायला लागलो, आणि मी घाबरलो की काय बोलतो ते तुला माहीत आहे. कापसाचे भाव, लोहाऱ्याचं पाणी, अळीच्या जाती, एकातून एक. तू मान खाली घालून वरण-भाताचा एकेक घास मोजत होतीस. तुझी कॉलर एका बाजूनं वळली होती आणि मला ती सरळ करावीशी वाटत होती, पण हात भातात होता. जेवण झालं. दादांनी हात धुतले, पुसले, आणि तुझ्यासमोर उभे राहिले.

“खिसे हायेत का याले?”

तू म्हणालीस, “हायेत. दोन.”

“आपली माय तुह्या फ्राकाले खिसे नाही लावे,” दादा म्हणाले. “मुरमुरे मुठीत धरून शाळेत जाय तू. अर्धे रस्त्यात सांडे. मी मागून येऊन येचून खाओ.”

ते आत गेले आणि दोन्ही ओंजळी शेंगदाण्यांनी भरून आले. तू उभी राहिलीस. त्यांनी तुझ्या खिशात दाणे ओतले, आधी एका, मग दुसऱ्या. चांगलं दिसतं म्हणाले नाहीत, वाईट दिसतं म्हणाले नाहीत. पण आपण निघालो तेव्हा ते रिकाम्या हातानं रस्त्यापर्यंत आले, तुझ्या शेजारून चालत, भर वस्तीतून. ओळखीचं कोणी दिसलं की थांबत आणि सांगत, माही बहीण हाय, बाभुळगावले असते, सोता शिवला तिनं. परतीच्या एसटीत तू सगळे दाणे एकटीनं खाल्लेस. मी दोनदा हात पुढे केला. तू खिडकीबाहेर पाहत होतीस.

त्यानंतर किती शिवलेस तू. फुग्याची बाही, घंटेची बाही, चौकोनी गळा, पुढून बटणाचा. जिनिंग कधी महिनाभर चालायची, कधी हंगामभर बंद, आणि बंद असली की मी हँडलवर. ऑफिसात तू साडीच नेसलीस, हौसेनं नेसलीस. पण रविवारी बाजारात, एसटीत, दादाकडे फ्रॉक. कुंदा ओट्यावर येऊन हात लावून बघायची, ‘घरात घालाले बरं हाय’ म्हणायची आणि तुझ्या हातचा चहा पिऊन जायची. तुम्ही दोघी मैत्रिणी कधी झालात ते मला कळलंच नाही. एकदा तू मला सांगितलंस की एसटीतलं ते वाक्य तीच तुला अजून सांगते आणि तुम्ही दोघी हसता. मी म्हटलं, मग मला एवढे महिने काहून जाळलं? तू म्हणालीस, तुमी तं हसले होते नं.

प्रत्येक नवा फ्रॉक घातलास की तू विचारायचीस, कसं दिसते. मी प्रत्येक वेळी एक नंबर प्रत म्हणालो. एकदाही मराठीत बोललो नाही. तुला ते समजत होतं असं मी धरून चाललोय. समजत नसेल तर आता सांगतो. फार सुंदर दिसायचीस. पहिल्या फ्रॉकमध्येही, फाटल्यावरसुद्धा. तेव्हा तर जास्तच.

तापाचं निमित्त झालं आणि तू गेलीस. तुला आम्ही पांढऱ्या साडीत नेलं. बायकांनी नेसवली, मला काही सुचलं नाही. दादा आता थकलेत. सगळे पांगल्यावर ते माझ्याशेजारी ओट्यावर बसले आणि म्हणाले, “जवाई, फुलाचा फ्राक घालाले पाह्यजे होता का तिले?” मी म्हणालो, दादा, तुम्ही दिलेल्या साड्याही ती खुशीनंच नेसायची. त्यांनी मान हलवली. खरं होतं की मी त्यांची समजूत घातली, ते तूच मला सांग कधीतरी.

पुण्यानुमोदनानंतर मयुरी म्हणाली, आईचे कपडे देऊन टाकू, नाहीतर तुम्ही त्यांच्याशी बोलत बसाल. पोरगी तुझ्यावर गेलीय. तिनं दोन स्वतःला ठेवले. गल्लीतल्या बायका आल्या. साड्या लगेच गेल्या. फ्रॉकना सगळ्या हात लावत होत्या, पण उचलेना कोणी. कोणी म्हणालं, नातीला कापून दोन होतील. कोणी म्हणालं, गोधडीला छान. मी आत जाऊन पाण्याच्या माठावरचं झाकण उगाच काढून ठेवत होतो. तुझे फ्रॉक गोधडीत जाणार, घरात, अंथरुणात, अंधारात. कुंदानं एक उचलला. पण तिनंही तेच म्हटलं, घरात घालीन.

आज बाजाराचा दिवस. मी दाढी करत होतो आणि फाटकाची कडी वाजली. कुंदा. हातात बाजाराची पिशवी, अंगात तुझा फ्रॉक, पुढून बटणाचा, गडद हिरवा. बाजार करून आली होती. म्हणजे सगळा रस्ता, भाजीवाल्यांची रांग, चक्कीसमोरची माणसं, सगळं पार करून. डोक्यावरून पदर घ्यायची सवय, म्हणून तिचा हात सारखा खांद्याकडे जात होता आणि तिथं काही नव्हतं.

“भाऊजी, कमरेत ढिल्ला होते मले,” ती म्हणाली. “अन् एकच हाय. रोज तेच घालून कसं जाव बाजारात? तुमाले येते म्हने बेताले. दुसरा शिकवा.”

मी तिला सांगायला हवं होतं की मला फक्त किटलीचे कपडे येतात. पण तोंडाला अर्धा साबण, हातात वस्तरा, आणि समोर तो हिरवा रंग. मी म्हणालो, रविवारी ये, कापड घेऊन ये.

“किती मीटर आनू?”

तोंड धुऊन सांगतो म्हटलं आणि आत वळलो. पाण्याकडे नाही. तुला विचारायला. स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेलो, तोंडही उघडलं.

मग परत येऊन चार सांगितलं. मला वाटतं तुला तीन लागायचं, की साडेतीन, मी नुसतं हँडलच फिरवलं ना. कमी पडलं किंवा वाया गेलं तर कुंदा गप्प बसणारी बाई नाही. सुजाताबाई असत्या तर असं झालं नसतं, असं ती गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणेल. म्हणू दे. बरेच दिवस झाले, तुझं नाव या घरात कोणी ओरडून घेतलेलं नाही.